मोगऱ्याच्या अत्तराविषयी चार शब्द
(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



दर वर्षी वर्धापनदिनाला एका सभासद भगिनीने चार शब्द बोलावेत, असा आपल्या मंडळाचा रिवाज आहे. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव घातले तेव्हा मी घाबरलेच. म्हटले, "अहो, मी सातवी पास. माझ्या बोलण्यात काय असणार?" त्या म्हणाल्या, "दीड महिना वही घेऊन घरोघर हिंडलात ना? त्या वहीतलेच सांगा." म्हणून ही वही घेऊन उभी राहिले आहे. वाण्याच्या हिशेबाचीच वही आहे. पुढून डाळ-तांदूळ आणि मागून अत्तर. काही चुकले तर आपलीच समजून पोटात घालावे.

आधी अत्तर कुठून आले ते सांगते. आमचे हे मालवाहतुकीच्या कामावर आहेत, हे तुम्हांला ठाऊकच आहे. गेल्या वर्षी जून महिन्यात त्यांची खेप उत्तर प्रदेशात कानपूरला गेली होती. माल उतरायला दोन दिवस लागणार म्हणून ते तिथून कन्नौजला जाऊन आले. गंगेच्या काठचे हे गाव पिढ्यान्‌पिढ्या अत्तराचेच गाव आहे. तिथून त्यांनी मोगऱ्याच्या अत्तराची पाव तोळ्याची कुपी आणली. अत्तर अजून तोळ्यानेच विकतात. पाव तोळा म्हणजे साधारण तीन ग्रॅम, म्हणजे आपल्या करंगळीच्या पेराएवढे. किंमत मी सांगत नाही, कारण ह्यांनी मला खरी किंमत अजून सांगितलेली नाही.

तिथे अत्तर कसे काढतात ते ह्यांनी उभे राहून पाहिले. मोठे तांब्याचे भांडे असते, त्याला देग म्हणतात. ती विटांच्या भट्टीवर ठेवतात. तिच्यात फुले आणि पाणी घालतात, वर झाकण बसवतात आणि कडेने ओली माती लिंपून टाकतात, म्हणजे वाफ बाहेर जाऊ नये. आपण मोदकपात्राच्या कडेला कणीक लावतो तसेच. झाकणातून बांबूची नळी निघते. तिच्यावर सुंभ गुंडाळलेला असतो. ती नळी खाली पाण्याच्या हौदात ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात जाते. त्याला भपका म्हणतात. त्या भपक्यात आधीच चंदनाचे तेल घातलेले असते. फुलांची वाफ नळीतून येते, गार होते आणि चंदन तिचा वास धरून ठेवते. हौदातले पाणी तापले की बदलायचे, खाली जाळ वाढला की कमी करायचा. हे सगळे कारागीर हाताने चाचपून ठरवतो. मग वर आलेले तेल ठेवून खालचे पाणी काढून घेतात आणि त्याच तेलावर दुसऱ्या दिवशी पुन्हा ताजी फुले चढवतात. असे कितीतरी दिवस चालते. शेवटी कातड्याच्या कुपीत भरून ठेवतात, म्हणजे उरलेला ओलावा निघून जातो.

हल्ली चंदनाचे तेल फार महाग झाले आहे. म्हणून बरेच अत्तर दुसऱ्या स्वस्त तेलांवर काढतात. दुकानदाराने ह्यांना सरळच विचारले, "चंदनावरचे देऊ की साधे?" ह्यांनी चंदनावरचे आणले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी न विचारता काही आणले आणि ते बरोबर निघाले.

ही कुपी मी वर्षभर कपाटात जपून ठेवली. यंदा चैत्रात आमच्याकडे चैत्रगौरीचे हळदीकुंकू केले, तेव्हा ती बाहेर काढली. तुमच्यातल्या बहुतेक जणी आला होता. कैरीची डाळ, पन्हे, हरभऱ्यांची ओटी, मोगऱ्याचे गजरे, सगळे यथासांग झाले. सासूबाईंची जुनी अत्तरदाणी घासून ठेवली होती. प्रत्येकीच्या मनगटावर मी कापसाने एकेक बोट लावले. लावताच तुमचे बोलणे सुरू झाले. एक म्हणाली, "अग बाई, किती गोड!" दुसरी म्हणाली, "ह्याला तर लाकडाचा वास येतो." तिसरी म्हणाली, "मला तर काहीच येत नाही." मी थक्क झाले. एकच कुपी, एकच कापूस, आणि बायकांगणिक वास निराळा! तेव्हाच मनात आले की हे लिहून ठेवावे. चैत्र सरल्यावर मी कुपी आणि वही घेऊन एकेकीकडे गेले. प्रत्येकीला एकच थेंब लावला आणि तीन प्रश्न विचारले. पहिल्यांदा काय वाटले? किती वेळ टिकला? आणि लावल्यावर कशाची आठवण झाली?

आता वहीतले सांगते. नावे घेणार नाही. आपापले ज्याने त्याने ओळखावे.

पहिली गोष्ट म्हणजे हे अत्तर लावल्याबरोबर मोगऱ्यासारखे येतच नाही. आधी चंदनाचा, जरासा दुधासारखा वास येतो. दहा-पंधरा मिनिटांनी मनगट ऊबदार झाले की मोगरा वर येतो. ज्यांनी घाईने हुंगले त्यांनी "लाकूड" सांगितले. ज्या बोलत बसल्या त्यांना फूल भेटले. सोपानाच्या दुकानापलीकडच्या काकूंनी तर लावल्या लावल्या नाक मुरडले होते. रात्री साडेदहाला त्यांचा फोन, "अहो, आत्ता कुठे येतोय हो वास!"

आपल्या कॉलेजातल्या मुलींना मात्र तो फार गोड वाटला. एक म्हणाली, "काकू, हा आजीच्या कपाटाचा वास आहे." तिच्याजवळ फवारा मारायची बाटली आहे. तिचाही वास फुलांचाच, पण हलका. आम्ही दोन्ही शेजारी-शेजारी लावून पाहिले. तिच्या बाटलीत अल्कोहोल असते. ते झटकन उडते आणि वास खोलीभर पसरवते. दोन-अडीच तासांत तिचे मनगट कोरे झाले. माझे तेलावरचे होते. ते खोलीत पसरले नाही, पण दुसऱ्या दिवशी आंघोळीच्या वेळीसुद्धा बांगडीखाली लपून बसलेले होते. मुलींना विनोद म्हणून सांगते, ज्याला तुम्ही आजीचे कपाट म्हणता त्याच जातीच्या फुलांनी परदेशातही नाव काढले आहे. शनेल नंबर पाच म्हणून जे जगप्रसिद्ध सेंट पॅरिसमध्ये १९२१ साली निघाले, त्यात फ्रान्समधल्या ग्रास गावची चमेली आहे. चमेली म्हणजे मोगऱ्याची बहीणच.

माझी भाची रसायनशास्त्र शिकते. तिने एक नवल सांगितले. मोगऱ्यात आणि चमेलीत इंडोल नावाचे एक द्रव्य असते. ते जास्त असेल तर घाण वास येतो, इतका की नाक धरावे. पण अगदी थोडे असते म्हणूनच फुलाला भारदस्तपणा येतो. नुसता गोडवा असता तर मोगरा गोळीच्या सरबतासारखा लागला असता. आपल्यातल्या दोघींना या अत्तराने डोके दुखले. मी त्यांना आधी नाजूक समजत होते. पण भाची म्हणाली की काही नाकांना तेवढेच आधी जाणवते. एकीच्या कातडीवर लाल पुरळ आले. तिने पुढे पदरालाच लावले. तेव्हा ज्यांची कातडी हळवी आहे त्यांनी आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दिवसभर पाहावे. आणि लावल्यावर मनगटे एकमेकांवर चोळू नयेत, असे दुकानदाराने ह्यांना बजावले होते.

जिला "काहीच येत नाही" ती आमच्या इमारतीतली, शिवणकाम करणारी. तिने लावले, तासाभराने म्हणाली, "उडून गेला." पण तिचा मुलगा शाळेतून आला आणि दारातूनच म्हणाला, "आई, घरात गजरा आहे का?" आपले नाक स्वतःच्या अंगच्या वासाला लवकर सरावते आणि गप्प बसते. म्हणून आपल्याला येत नाही याचा अर्थ दुसऱ्याला येत नाही असा नाही. मैत्रिणींनो, हे ध्यानात ठेवून थेंब एकच लावावा. बसमध्ये शेजारी बसणाऱ्याचीही दया करावी.

आपल्यातल्या एक बाई इस्पितळात परिचारिका आहेत. त्या म्हणाल्या, "मी कामावर लावू शकत नाही. आजारी माणसाला गोड वासाने उमळून येते. रविवारी लावीन." आणि त्यांनी खरोखर रविवारपर्यंत हात पुढे केला नाही. मासळी विकणाऱ्या मावशींकडे गेले तर त्या म्हणाल्या, "बाय, हाताला नको लावू, पदराला लाव. हाताला लावलंस तर मोगरापण गेला आणि सुरमईपण गेली." दुपारी टोपली रिकामी झाली की त्या पदर नाकाशी धरून गाडीत बसतात आणि डोळे मिटतात. "अर्धा तास माझा," असे त्यांनी सांगितले. वहीत मी तसेच लिहिले आहे.

शेजारच्या आजी ऐंशीच्या पुढच्या आहेत. त्यांनी मनगट पुढे केलेच नाही. कापसाचा फाया करून कानात ठेवायला सांगितले. त्यांच्या लग्नात त्यांचे वडील असेच फाये वाटीत होते म्हणे. वडिलांचा चेहरा आता आठवत नाही, कान आठवतो, असे त्या म्हणाल्या आणि हसल्या.

एका भगिनीचे ऐकून मात्र मला हसू आले नाही. तिने अत्तर लावले आणि संध्याकाळी यजमान घरी आले. त्यांनी विचारले, "कुठे निघालीस?" ती म्हणाली, "कुठे नाही." ते म्हणाले, "मग कशाला लावलेस?" तिला उत्तर सुचले नाही. तिने साबणाने हात धुतला. वहीत तिच्या नावापुढे "किती वेळ टिकला" या प्रश्नाला "वीस मिनिटे" असे आहे. अत्तराचा त्यात काही दोष नव्हता.

असे करता करता वहीत सगळ्यांची नावे भरली. मग एक दिवस मी मोजू लागले तेव्हा माझ्या ध्यानात आले की, मी सगळ्या आळीत हिंडले, पण माझ्याच घरातले एक नाव वहीत नाही. माझ्या थोरल्या जाऊबाईंचे.

आता जे सांगते ते सांगायला मला जड जाते आहे. पण चिटणीसबाईंनी वहीतले सांगा म्हटले आहे, आणि वहीत हे आहे.

आमचे थोरले दीर २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. वहिनी तेव्हापासून आमच्यातच आहेत. यंदाच्या हळदीकुंकवाची डाळ त्यांनी वाटली. पन्ह्याचा गर त्यांनी काढला. पहाटे उठून मोगऱ्याच्या कळ्या निवडून सगळ्या गजऱ्यांचा दोरा त्यांनीच ओवला. जव्हार-विक्रमगडकडचा मोगरा पहाटे खुडून बाजारात येतो, तो कळीच्या रूपातच असतो. संध्याकाळी तो आपोआप उमलतो. खुडल्यावरही मोगरा उमलायचा आणि वास द्यायचा थांबत नाही. हे त्यांनीच मला शिकवले होते, मी नवी सून असताना.

त्या दिवशी मी अत्तरदाणी घेऊन रांगेने निघाले. वहिनी दाराच्या कडेला पन्ह्याचे पेले भरीत उभ्या होत्या. मी त्यांच्यापर्यंत आले आणि माझा हात पुढे गेला. त्यांच्या पलीकडच्या बाईंकडे. कोणी मला सांगितले नव्हते. सासूबाई तर केव्हाच गेल्या. कोणी बघतही नव्हते. माझ्या हाताने ते आपण होऊन केले. वहिनींनी पेले मोजल्यासारखे केले आणि त्या आत गेल्या.

रात्री सगळे आवरल्यावर मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. वहिनी मोरीपाशी अत्तरदाणी धुवायला घेऊन बसल्या होत्या. त्यांनी वापरलेला कापूस उचलला, टाकायच्या आधी एकदा नाकाशी धरला, आणि मग तो टाकला नाही. पोलक्यात खोचला. मी पाणी न पिता परत आले. दोन महिने मी हे कोणाला बोलले नाही.

वहीत जागा रिकामी दिसली तेव्हा मात्र राहवेना. दुपारी वहिनी तांदूळ निवडत होत्या. मी कुपी समोर ठेवली आणि म्हटले, "वहिनी, माझे चुकले." त्यांनी कशाबद्दल म्हणून विचारले नाही. थोडा वेळ खडे काढीत राहिल्या. मग म्हणाल्या, "अग, वास काही तुझ्या हातात आहे का? एकीने लावला तरी घरभर येतोच. नाक मलाही आहे."

मी तीन प्रश्नांतला तिसरा विचारला. लावल्यावर कशाची आठवण होते? मला वाटले होते, भाऊजींची म्हणतील. कारण भाऊजी दर शनिवारी गजरा घेऊन यायचे, हे सगळ्या आळीने पाहिलेले आहे. वहिनी म्हणाल्या, "सगळ्यांना वाटते त्यांना मोगरा आवडायचा म्हणून मी माळायची. त्यांना कशाचा वास आवडायचा ते त्यांनाच ठाऊक, त्यांना तपकिरीपुढे काही येत नसे. मला आवडायचा, म्हणून ते आणायचे. माहेरी विहिरीपाशी मोगऱ्याचे झुडूप होते. तेव्हा मी आठ वर्षांची होते. तेव्हा कुठला नवरा आणि कुठले काय?"

मग त्यांनी मनगट पुढे केले. मी एक थेंब लावला. त्यांनी चोळला नाही, हुंगलाही नाही. तांदूळ निवडीत बसल्या. पंधरा मिनिटांनी म्हणाल्या, "आता आला बघ." सगळ्यांत योग्य परीक्षा त्यांचीच. वहीत मी लिहिले आहे, "पहिल्यांदा चंदन, मग मोगरा, शेवटी कळीच्या देठासारखा हिरवा वास. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकला." हिरवा वास दुसऱ्या कोणालाही आला नव्हता. त्यांनी सांगितल्यावर मलाही आला.

मैत्रिणींनो, मी विचार करू लागले. हळदीकुंकू सुवासिनीचे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. "सुवासिनी" शब्दाचा अर्थ मला ठाऊक आहे. पण माझ्यासारख्या अडाणी बाईच्या कानाला त्यात "सुवास" ऐकू येतो. तो सुवास नवऱ्याबरोबर घरात येतो आणि त्याच्याबरोबर जातो, असे आपण धरून चाललो आहोत. वहीतली एक सुद्धा आठवण मला तशी सापडली नाही. आजींना वडील आठवले. मासळीवाल्या मावशींना स्वतःचा अर्धा तास मिळाला. वहिनींना विहिरीजवळचे झुडूप आठवले. आणि जिचे यजमान हयात आहेत तिने तो वीस मिनिटांत धुऊन टाकला. मग हा सुवास सौभाग्याचा कसा?

मी काही मोठे सांगत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड म्हणून गाव आहे. तिथल्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या प्रथा आपल्या गावात बंद. त्याच महिन्यात सरकारनेही परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तसे करायला सांगितले. एवढ्या मोठ्या गोष्टी जर ठरावाने बंद करायला माणसे निघाली, तर एका थेंबासाठी आपण मंडळाच्या बायकांनी वाट कशाची पाहायची? ठरावाने हात बदलत नाही, हे मला माझ्या हातावरून कळले आहे. पण ठराव असला म्हणजे निदान हात पुढे गेल्यावर मनाला विचारता येते, "कुठे निघालास?"

माझी सूचना इतकीच आहे. इथून पुढे मंडळाच्या कोणत्याही समारंभात अत्तर आणि गुलाबपाणी दाराशीच द्यावे, आणि येईल त्या प्रत्येकीला द्यावे. तिच्या कपाळाकडे आणि गळ्याकडे पाहू नये. जिला नको असेल तिने नको म्हणावे. डोके दुखत असेल, पुरळ येत असेल, कामावर जायचे असेल, किंवा नुसते नको असेल. पण नको म्हणण्याचा मान तिचा, आपला नव्हे.

आता एक कबुली देते आणि बसते. मी अध्यक्षबाईंची परवानगी घेऊन ही सूचना आजच अमलात आणली आहे. आज हॉलमध्ये शिरताना दाराशी अत्तर कोणी लावले ते तुम्ही पाहिलेत. वहिनीच अत्तरदाणी घेऊन उभ्या होत्या. त्यांच्यापुढे बहुतेक सगळ्यांनी हात केले. तीन-चार जणींनी हात मागे घेतले, तेही मी पाहिले. त्यांच्याविषयी माझ्या मनात राग नाही. चार महिन्यांपूर्वी माझाही हात पुढे निघून गेला होता, आणि मी तर त्यांच्याच घरात राहते, त्यांच्याच हातचे जेवते.

कुपीत अजून थोडे अत्तर शिल्लक आहे. ज्यांचे राहिले असेल त्यांनी जाताना लावून घ्यावे. वहिनी दाराशीच आहेत. चोळू नका, घाईने हुंगू नका. पंधरा मिनिटे थांबा, म्हणजे मोगरा येईल.